कोल्ह्याच्या डोक्याचा पाहुणा

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याच्या कमरेच्या वस्त्राच्या चुण्याच बघत राहिले. चिखलीत माझं शिवणाचं दुकान आहे, नजर आधी कापडाकडेच जाते. दुपारी मशीनवर डोकं टेकलं आणि डुलकी लागली. स्वप्नात समोर एक उंच माणूस उभा. अंग माणसाचं, डोकं कोल्ह्याचं, काळंभोर, कान ताठ. कमरेला आखूड पांढरं वस्त्र, आणि चुण्या इतक्या बारीक नि सरळ, की याला इस्त्री कोणी केली असेल, असं वाटलं. जाग आली तेव्हा गालावर टेपचे आकडे उमटले होते.

त्याच आठवड्यात विहारात ध्यानाला बसले, तर तो तिथेही आला. सोबत आणखी एक. त्याची चोच लांब आणि बाकदार, नांगरामागे किडे टिपत फिरणाऱ्या काळ्या पक्ष्यासारखी. दोघंही काही बोलले नाहीत. मी श्वासाकडे परत आले, ते गेले.

घरी येऊन मुलीला वर्णन सांगितलं. तिने मोबाइलवर चित्र शोधून दाखवलं.

"मम्मी, हे तर इजिप्तचे देव आहेत. हा अनुबिस. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत तोलतो."

"कशाच्या वजनाला?"

"पिसाच्या."

चुण्या तंतोतंत तशाच होत्या. मुलीच्या पुस्तकांना मी कित्येक वर्षं कव्हरं घातली. त्यातल्या एखाद्यात हे चित्र पाहिलंही असेल. पण मग ते आत्ताच का वर यावं? आणि चिखलीत का?

अडचण वेगळीच होती. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, देवाचा कोनाडासुद्धा नाही. त्यात माझी मावशी विहारातला बायकांचा ध्यानवर्ग घ्यायची. तिचे गुडघे गेले होते, आणि या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ती वर्ग कोणाच्या तरी हाती देणार होती. तो मला हवा होता. यात लाजण्यासारखं काही नाही. मी वेळेवर येते आणि बायकांना गप्प बसवू शकते.

आमच्याकडे ध्यान संपलं की प्रत्येकीने मनात काय आलं ते एका वाक्यात सांगायचं असतं. मी दर वेळी 'मन भरकटलं' म्हणून मोकळी व्हायचे. एकदा मावशीने धरलंच.

"भरकटून जाते कुठं व ते? दरखेपी एकाच गावाले जाऊन राह्यलं काय?"

बायका हसल्या. मग मी सगळं सांगून टाकलं.

"पन आपन तं कोनताच देव मानत नाही," एक म्हणाली.

"दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमंदी याचं नाव नाही पन," दुसरीने शंका काढली.

"मंग काय, नाव नाही म्हनून घरात घ्याचा का त्याले?" मावशी म्हणाली. पुन्हा हशा झाला आणि बायका उठल्या.

मला वाटलं, संपलं. बाहेर चपला घालत होते तर एकीने कोपर धरलं. तिच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं.

"ताई, पुढच्या बारीले आला का त्याले इचारा ना, पोराचं कधी जमते ते."

मी हसले. ती हसत नव्हती. तिच्या मागे आणखी दोघी चपलेचा बंद उगाच लावत, काढत रेंगाळल्या होत्या. तेव्हा मात्र मला भीती वाटली, आणि ती कोल्ह्याची नव्हती. आमच्या आज्यांच्या वेळी अंगात येणं होतं, कौल लावणं होतं. ते सगळं मागे टाकून विहार उभा राहिला, आणि त्याच विहाराच्या पायरीवर ते माझ्या तोंडून परत सुरू होणार होतं. मी 'विचारते' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली असती. मग ध्यानवर्ग कसला, दरबारच भरला असता.

मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "तो बोलत नाही, अन् मी इचारत नाही. पोरीवाल्यायले फोन लावा, तो कामाचा."

"पन तुमाले दिसते तं खरं ना."

"मले सपनात एक डाव झंपर घालून फिरनारी म्हैस दिसली होती. तिलेही नाही इचारलं."

मागच्या दोघी फिसकन हसल्या आणि निघून गेल्या. ती मात्र हसली नाही. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मावशी सगळं ऐकत होती.

पुढच्या रविवारी त्रिशरण-पंचशील म्हणून झालं. ध्यानाची घंटी मावशीच्या मांडीवर होती. ती वाजवायच्या आधी तिने सगळ्यांसमोर विचारलं, "घरी बसत होती का ध्यानाले?"

"हो."

"आला होता तो?"

"आला होता."

"मंग काय केलं तू?"

"पाह्यलं. अन् श्वासाकडे आली. तो गेला."

मावशीने घंटी माझ्यापुढे सरकवली.

"घे. आजपासून तू वाजव. अन् तो आला तं मांगं बसव त्याले, दाराजवळ."

पहिल्या ओळीत लग्नाच्या मुलाची आई सरसावून बसली होती. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

मी घंटी वाजवली.