तापलेल्या खंजिरीचा वास

समोरच्या देवळात कुणीतरी खंजिरी निखाऱ्यावर शेकत होतं. तापलेल्या चामड्याचा तो वास आला आणि मला फाळणीनंतरची अमरावती आठवली.

सिंधमधून आलेली माणसं तेव्हा आमच्या गल्लीमागच्या छावणीत राहायची. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिथल्या एका म्हातारीला दोनदा डबा पाठवला. दोन्ही वेळा तो जसाच्या तसा परत आला. मग एका मंगळवारी त्यांनी अंगणात भजन मांडलं आणि तिला गायला बोलावलं.

"भजन तं गुरुवारी असते. आज काहून?" मी पिठाच्या हातानं विचारलं. चुलीपाशी बसून जीव मेटाकुटीला आला होता.

"गाणाऱ्याले उपाशी वापस पाठवते का कोणी?" एवढंच ते बोलले.

ती गायली. शब्द कोणालाच कळले नाहीत, खंजिरी मात्र तिच्या मागंमागं हळू चालत राहिली. मग ती पानावर बसली आणि माझ्याकडे हात करून तिनं आणखी एक भाकर मागितली, अगदी हक्कानं.

आता माझे गुडघे गेलेत. शेजारची मुलगी रोज डबा आणते. चांगला असतो, तरी मी अर्धा परत पाठवते. आजी, एखादं गाणं म्हणा, असं तिनं एकदा तरी म्हणावं.