नाल्यापलीकडे दिलेली पाठ

दारव्ह्याच्या बाजारात जीपची वाट बघत उभी होते. शेजारून बकऱ्यांचा कळप गेला, तो उग्र, कोमट वास मागं ठेवून. इतरांचं काय, नाकाला पदर लावला की झालं. मला मात्र आमच्या शेजारची काकू आठवते, नि तो मार्गशीर्ष.

काकूचं आधी हातावर पोट. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा, तेव्हा चूल पेटायची. मग कुणाची तरी एक बकरी तिनं बटईनं घेतली. सांभाळायची हिनं, पिल्लं निम्मी-निम्मी. काही वर्षांत कुडाच्या जागी विटांची भिंत आली, लेक नर्सिंगला गेली. पण बाई मोठ्या मनाची. दरवर्षी एक पाठ, म्हणजे मादी पिल्लू, ती नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या एखाद्या गरजू बाईला फुकट द्यायची. अट एकच, तुझी व्याली की तूही एक पुढे दे. अशी किती घरं सावरली! वस्तीभर एकाच रक्ताच्या बकऱ्या ओरडायच्या, आणि मला मेलीला त्याचं कोण कौतुक!

त्या मार्गशीर्षात, पाठ द्यायच्या सकाळी तिचं नाक गळत होतं, डोळे चिकटले होते. "काकू, उद्या गुरांचे डॉक्टर येताहेत, दाखवून मग द्या," मी म्हटलं.

"उद्या अमावस्या हाय, बाई. अमावस्येले जनावर घराबाहेर नाई काढत. अन् पलीकडच्या बाईनं खुंटा गाडून ठेवला, वाट पाहून राह्यली बिचारी. सर्दी असन, येवढ्यानं काय होते?"

मी वाद घातला नाही. उलट मीच ते पिल्लू पदराखाली घेऊन नाला ओलांडला. ते शिंकत होतं, आणि अंगाला भलतंच गरम लागत होतं. मला कळत होतं हो, पण पाय थांबले नाहीत.

पंधरवड्यात वस्तीतलं ओरडणं एकेका दारी थांबलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. साथ त्या पाठीपासूनच पसरली, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकूच्याही बकऱ्या गेल्या होत्या; वर्षानं तिनं पुन्हा बटईची बकरी आणली, बकरीला पाठ झाली. ती घेऊन काकू वस्तीत दारोदार फिरली. "नोको, काकू," एवढंच म्हणून बाया कापूस वेचायला निघून गेल्या. शेवटी ती माझ्या दारात आली.

"तुमी तरी घ्या, बाई."

"माझ्याकडं जागा कुठंय, काकू?"

माझ्या मागं एवढं मोठं रिकामं अंगण. तिनं ते पाहिलं, पिल्लू खांद्यावर घेतलं नि गेली. काळ सगळं बुजवतो म्हणतात. बुजवत असेल. त्या अंगणात मी अजून काही लावलेलं नाही, काही बांधलेलं नाही.