शेवटच्या कडव्यातलं नाव

ही सगळी गोष्ट एका नावाची आहे, आणि मी कुणाचंच नाव घेणार नाही. सोसा थोडं.

माझ्या नवऱ्याला सोलापुरात सगळे बुवा म्हणतात. घरात मीही म्हणते. त्यांना वाटतं मान देते. मी वाटू देते. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत त्यांच्या गायन पार्टीला मोठी मागणी. पुढे बुवा पेटी घेऊन, बाजूला ढोलकीवाला, आणि मागे कोरसला मी आणि माझी धाकटी जाऊ. बुवांनी ओळ टाकायची, आम्ही झेलायची. लग्न झाल्यापासून मी झेलतेच आहे.

आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. गाणं कुणाचं ते ऐकणाऱ्याला तिथंच कळतं. बुवांनी या रीतीला स्वतःची झालर लावली होती. शेवटची ओळ गाताना ते नावाच्या अलीकडे थांबायचे, पेटीवरचा हात उचलून कानामागे धरायचे, डोळे मिटायचे. नाव आम्ही घ्यायचं. "आपलं नाव आपण घ्यायचं नसतं," ते म्हणायचे, "लोकांनी घ्यायचं असतं." लोक म्हणजे मी आणि जाऊबाई.

माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, आज लोक जिला मोबाइलवर ऐकतात ती, तेव्हा कॉलेजात होती. आमच्या तालमीला येऊन भिंतीला टेकून बसायची. एकदा तिनं स्वतः लिहिलेलं गाणं म्हणून दाखवलं. तिची आई टॉवेलच्या कारखान्यात शिवणकामाला, तिच्यावरचं गाणं.

हजार टॉवेल शिवले आईनं, घाम पुसाया पदर.

बुवांनी पेटी मिटली. तालमीत बुवांनी पेटी मिटणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीला विचारा. मग म्हणाले, "परत म्हण." तिनं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तालमीत गाणं बसलं, आणि शेवटच्या ओळीत, 'आईची कहाणी जगाला सांगे' याच्या पुढे, बुवांचं नाव.

"काका, ती माझी आई हाय," भाची म्हणाली.

"पार्टीत गायलं की पार्टीचं. मीबी लई वर्षं माझ्या गुरूच्या नावानं गायलो. रीत हाय ती." हे मात्र खरं होतं. पण तेवढ्यावर थांबतील तर ते बुवा कसले! "आणि तुझं नाव दोन अक्षरी. हितं चार लागत्यात. चालीत बसत न्हाय."

ती आमच्या स्वयंपाकघरात आली, लसूण सोलायला घेतला आणि म्हणाली, "मावशी, चौकातल्या कार्यक्रमाचं शूटिंग करून पोरं मोबाइलवर टाकणार. एकदा काकांच्या नावानं गेलं की गेलं. मग मी परत लिहिणार न्हाय."

रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून मी घाबरले.

जाऊबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अक्का, चार अक्षरंच पायजेत न्हवं? मग हिचं नाव दोनदा घ्यायचं की."

तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली. हसण्याच्या नादात तिकडे कुणाचं लक्ष होतं!

कार्यक्रमाला चौक भरलेला. पुढच्या रांगेत माझी बहीण, शेजारी तिच्या कारखान्यातल्या बाया. बुवा जीव ओतून गायले, त्यात खोट काढणार नाही. पदराची ओळ आली तशा त्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग शेवटची ओळ. बुवा थांबले. हात कानामागे. डोळे मिटलेले.

आणि आम्ही दोघींनी तिचं नाव घेतलं. दोनदा. चालीत असं बसलं, जणू चाल त्याच्यासाठीच शिवली होती.

बुवांचे डोळे उघडले. चूक सुधारायची संधी द्यावी तशी त्यांनी ओळ पुन्हा टाकली. आम्ही पुन्हा तेच, आणखी चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा टाकली, तेव्हा पुढची रांगच आमच्याबरोबर गात होती. बुवांनी तोंड उघडलं. स्वतःचं नाव स्वतः घेतलं असतं तर बाजी पलटली असती. पण इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलेलं वाक्य आडवं आलं. तोंड मिटलं आणि पेटी पुढे गेली.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी गर्जना झाली. "दोघींना पार्टीतनं काढलं!"

"काढा की," मी म्हणाले. "नाव घ्यायला कुणाला बसवताय मग?"

"माफी मागा आधी."

"कुणाची? चालीची?"

जाऊबाई आत पळाल्या. हसू आवरत नव्हतं. मी माफी मागितली नाही. अजून मागितलेली नाही. बुवा मधून मधून आठवण करून देतात, मी चहा टाकते.

ते शूटिंग मोबाइलवर गेलं. अक्कलकोटहून फोन आला, शेवटी जिचं नाव येतं त्या पोरीलाच गायला पाठवा म्हणून. आता पार्टी तिची आहे. कोरसला आम्ही दोघीच, आणि पेटीवर बुवा, कारण तिच्या चाली दुसऱ्या कुणाला धड वाजवता येत नाहीत, असं बुवाच सांगतात.

शेवटच्या कडव्यात ती थांबत नाही. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं, खणखणीत घेते. पहिल्यांदा घेतलं तेव्हा बुवा पेटीआडून पुटपुटले, "पोरी, आपलं नाव आपण घ्यायचं नसतं."

"लोकांवर सोडलं की काय होतं," ती माईकवरूनच म्हणाली, "ते बघितलं की काका तुमी."