चार डब्यांचं एकच नाव

किस्से कुठून येतात, विचारू नका. नेपियर टाउनातल्या आमच्या दुकानात टेबलाखाली वायरचे तुकडे जमतात, तसेच हेही जमतात. झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच.

मी शिकलेलो नाही, डब्यांचे स्क्रू कसतो. डबीत एक चिप असते. मासे पाळायच्या तळ्यात डबी सोडली की पाण्यात हवा कमी झाल्याचं ती वायरशिवाय मोबाइलला कळवते. शुभांगी दीदी डब्या बनवते, विनोद भैया बसवून देतो.

पहिलीच ऑर्डर बरगीच्या रामवतीबाईंची. चार तळी, चार डब्या. बाईंनी बजावलं होतं, "मछली मरी, तो डिब्बे नर्मदाजी में."

*

विनोदने चारही डब्यांत एकच प्रोग्राम भरला. सगळ्या स्वतःला 'तळं एक' म्हणू लागल्या. मोबाइलवर त्याच तळ्यात घडीत हवा भरपूर, घडीत काहीच नाही.

बाई म्हणाल्या, "भैया, आपकी मशीन में तो तालाब को दमा है."

*

दीदी म्हणाली, "अरे, प्रत्येक चिप कारखान्यातूनच आपला वेगळा नंबर घेऊन येते. तो वापर ना."

विनोदने ते नंबर झाकणांवर पेनने लिहिले. बरगीला पोचलो, चहा घेतला, तेवढ्यात बाईंच्या सुनांनी डब्या राखेने घासून लख्ख केल्या.

"नंबर काहून पुसले?" विनोदने विचारलं.

धाकटी सरला म्हणाली, "पूजा में बिना धोए कैसे रखते, भैया?"

स्क्रू मी घट्ट कसले होते, म्हणून बरं.

विनोदने दीदीला फोन लावला. ती हसून राहिली होती. "आतला नंबर राखेने जात नाही. एकेक डबी चालू कर, कोणता नंबर बोलतो ते बघ."

*

विनोदने मोबाइलवरून वाचलेला नंबर ऐकून बाई म्हणाल्या, "इतना लंबा नाम तो हमारे समधी का भी नहीं."

त्यांच्याकडे एकेक सून एकेक तळं सांभाळते. दीदीने नंबराला त्या-त्या सुनेचं नाव जोडून दिलं. बाईंना वाचता येत नाही, म्हणून मोबाइल बोलता केला.

*

पुढे भेड़ाघाटला बाईंच्या घरचं लग्न होतं. आम्हालाही बोलावणं. पंगत बसलेली, अन् बाईंचा मोबाइल मोठ्याने बोलला, "सरला को हवा चाहिए. जल्दी."

अर्धी पंगत उठली. मामेसासरे पत्रावळीने वारा घालू लागले, कोणी पाणी आणलं. सरला घुंघटातून ओरडली, "मुझे नहीं, तालाब को!" तिने लगेच शेजाऱ्याला फोन करून तळ्यात हवा सोडायची मोटर चालू करवली. मासे वाचले.

दीदी ओशाळली. "बाई, कल ही नंबर डाल देती हूँ."

"रहने दो, बिटिया," रामवतीबाई पुरी मोडत म्हणाल्या. "नंबर हाँफता, तो पंगत से कौन उठता?"