आप्पांना वाचून दाखवलेला उतारा

माळशेजच्या रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या मामाला भेटली होती... खुद्द मुलाला मात्र कधीच नाही. असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, त्यामुळे हे वाचून कोणी माझी केली तर राग मानणार नाही. विश्वास माझा नव्हताच. आजही ‘आहे’ म्हणताना जीभ अडखळते. आणि माझी गोष्ट तशी भुताची नाहीच — एका प्रवेश परीक्षेची आहे.

आमचं गाव धसईच्या पुढे, तालुका मुरबाड. नाव देत नाही, कारण यातली काकी अजून तिथेच राहते. बी.ए. इंग्रजी मी शहापूरला मावशीकडे राहून केलं. पुढे एम.ए. बाहेरच्या चांगल्या विद्यापीठातून करायचं, म्हणजे एन्ट्रन्स आली. म्हणून शहापूरच्या एका अभ्यासिकेत बसायला लागले, आणि तिथे माझी खोड उघडी पडली. मला मनात वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेत आम्ही सगळे एका सुरात ओरडून धडे वाचायचो, त्याचा परिणाम असेल. मोठ्याने वाचून स्वतःच्या कानाने ऐकलं तरच इंग्रजी माझ्या डोक्यात शिरायचं. अभ्यासिकेत मी ओठ हलवायला लागले की चारी बाजूंनी ‘शूऽऽ’ व्हायचं.

त्यातच आप्पांना — माझ्या वडिलांना — अर्धांगाचा झटका आला. आई मी शाळेत असतानाच गेली होती, भावंडं नाहीत. मी गाशा गुंडाळून घरी आले.

आयुष्यभर टेम्पो भरून धसईची भाजी कल्याणच्या मार्केटला नेणारा माणूस, उजवी बाजू लुळी पडून खाटेवर. बोलणंही जड झालेलं. मला रडू यायचं, पण रडायला वेळ नव्हता, पुस्तकंही सुटत नव्हती. मग खाटेशेजारी स्टूल घेऊन मी आप्पांनाच उतारे वाचून दाखवायला लागले. दुपारी त्यांना पेज भरवली की आमचं वाचन सुरू. माझ्या अभ्यासासाठी याहून बरी जागा जगात नव्हती, कारण इथे ‘शूऽऽ’ करणारं कोणी नव्हतं.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांच्या दोन अटी होत्या. एक, वाचून झालं की तेच मराठीत सांगायचं. दुसरी, वाचन चालू असताना कोणी मध्ये यायचं नाही. एकदा शेजारची यमुनाकाकी वालाच्या शेंगा घेऊन आत आली, तर आप्पांनी डावा हात उचलून तिला दारातच थांबवलं होतं. बिचारी उभी राहिली उतारा संपेपर्यंत.

परीक्षेतले उतारे कुठल्यातरी मोठ्या गोष्टीचे तुकडे असतात, ते अर्ध्यावरच तुटतात. आप्पा वैतागायचे. “अर्धी गोष्ट सांगून परीक्षा कसली घेतात?” मग मी पदरचा शेवट जोडून द्यायचे, जमेल तेवढा गोड. आप्पांना तो लगेच ओळखू यायचा. तोंडाच्या एका बाजूने हसून म्हणायचे, “हा शेवट तुझा.”

परीक्षा मार्चमध्ये, सेंटर कल्याणजवळ. आदल्या रात्री आप्पांना धड झोप लागली नाही, सारखी धाप लागत होती. सकाळी मी ठरवलं, जायचं नाही. परीक्षा काय, पुढल्या वर्षी. आप्पांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाले, “तू नाय गेलीस, तर मी जेवनार नाय.”

त्यांचा हट्ट मला ठाऊक होता. यमुनाकाकीला सांगून ठेवलं. आमची दोन्ही घरं एकाच छपराखाली, मधली भिंत छपरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे इकडची शिंकसुद्धा तिकडे ऐकू जाते. काकी म्हणाली, भेंडी तोडून आले की बघते त्यांच्याकडे, दुपारची पेजही भरवते, तू निवांत जा. मी पहिल्या गाडीने निघाले. जाताना स्टूल खाटेखाली सरकवून ठेवलं, काकीच्या पायात येऊ नये म्हणून.

हॉलमध्ये नेहमीसारखी घाबरलेली होते. कॉम्प्युटरवर उतारा उघडला. एका नावाड्याची आणि त्याच्या मुलीची गोष्ट. बाप नाव घेऊन नदीच्या मध्यावर गेलेला आणि दाट धुकं उतरतं, काठ दिसेनासा होतो. काठावर एका खांबाला घंटा बांधलेली असते. मुलगी धावत तिथे जाते, घंटेची दोरी हातात धरते... आणि उतारा संपला. खाली प्रश्न.

हे वाचताना माझे ओठ हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. नुसतं मनातही वाटत नव्हतं ते — कोणीतरी वाचतंय आणि मी ऐकतेय, असं वाटत होतं. वाक्यन् वाक्य समजत होतं. मला इतका आनंद झाला की शेवटी एकदाचं जमलं, एवढाच विचार केला.

बाहेर येऊन चहा मागायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा पार बसलेला, एका दमात पाच-सहा उतारे वाचले की बसतो तसा. सकाळपासून मी कोणाशी चार शब्दही धड बोलले नव्हते. उन्हाने झालं असेल, म्हटलं.

चारच्या सुमारास गावात पोचले. यमुनाकाकी अंगणात वाल सोलत बसली होती. मला रस्त्यावरून, खांद्याला पिशवी लावून येताना बघून तिचे हात थांबले.

“तू कवा भायेर गेलीस गो?” तिने विचारलं. “मघाशी तर वाचत होतीस.”

मला काही कळेना. परीक्षेहून येतेय म्हटलं, तशी काकी उठून उभी राहिली, मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. मी आत धावले.

आप्पा गेले होते. चेहरा मी स्टूल घेऊन बसायचे त्या बाजूला वळलेला होता. स्टूल मी ठेवलं तिथेच, खाटेखाली होतं. धसईहून डॉक्टर आले. म्हणाले, हृदय थांबलं, दुपारीच कधीतरी. जवळ कोणी असतं तरी फारसं काही करता आलं नसतं. असं ते सगळ्यांनाच सांगत असावेत.

काकीने पेज करून ठेवली होती. भांडं हातात घेऊन ती आमच्या दारापर्यंत आली, तर आतून माझं इंग्रजी ऐकू आलं. तिला वाटलं, पोर गेलीच नाही, किंवा परीक्षा लवकर सुटली. आत जायचं नाही हे तिला माहीत. ती तशीच मागे फिरली.

“तुझा आवाज आला म्हनून मी नाय आले गो,” एवढं एकच वाक्य ती कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती. मग तिने माझ्यासमोर यायचंच टाकलं.

मी तर्क लढवून पाहिले. टीव्ही म्हणावा, तर त्या दिवशी सकाळपासून गावात लाइट नव्हती. फोनवर रेकॉर्डिंग म्हणावं, तर फोन माझ्याबरोबर होता. शेवटी ठरवलं की काकीला आदल्या दिवशीचा आवाज आठवतोय, वयाने घोळ झाला. पण मग आप्पा एकटे गेले, असं मानावं लागायचं. आणि काकीचं खरं धरलं, तर माझ्याच आवाजाने तिला दारातून परत पाठवलं होतं. कुठूनही विचार केला तरी मी त्याच दोन गोष्टींपाशी येऊन पोचायचे आणि दोन्ही सहन व्हायच्या नाहीत.

रिझल्ट लागला. पास झाले, ॲडमिशनही झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी यमुनाकाकी स्वतः आली. खाट होती त्या जागी जमिनीवर बसली. म्हणाली, “एक विचारू? त्या दिवशी सांगितलीस ती गोष्ट खरी गो? त्या नावेवाल्याची?”

तो उतारा मी सेंटरवर पहिल्यांदा वाचला होता. गावात कोणालाच, अगदी मावशीलाही सांगितला नव्हता. घरी आल्यावर सांगायला वेळ तरी कुठे मिळाला? मी कसंबसं विचारलं, काय ऐकलंस ते सगळं सांग.

त्या दिवशी दारातून परतल्यावर काकी भिंतीपलीकडे भेंडी निवडत होती. इंग्रजी थांबलं आणि नेहमीसारखं मराठी सुरू झालं, म्हणून ती कान देऊन ऐकत राहिली. बाप नदीत, धुकं, काठावरची घंटा, पोरीने धरलेली दोरी... सगळं बरोबर सांगितलं तिने. पण ती तिथे थांबली नाही.

“मंग तिनं घंटा वाजवली,” काकी म्हणाली. “हात दुखले तरी थांबली नाय. बापाला काय दिसत नव्हतं, पन आवाज येत होता. त्या आवाजाच्या रोखानं तो नाव घेऊन आला. पोचला.”

हे पेपरात नव्हतं.

घंटा वाजते की नाही, बाप पोचतो की नाही, हे मला आजही माहीत नाही. मूळ गोष्ट कुठली, तेही शोधून सापडलेलं नाही. इकडे हॉस्टेलवर आल्यापासून मी मनात वाचते, छान समजतं, पण याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते जपून द्यावं, कारण त्या सकाळी मी काकीला आणखी एक गोष्ट विचारली होती. गोष्ट संपल्यावर आप्पा काही बोलले का?

“बोलले ना,” काकी म्हणाली. “हसले, आन् म्हनले, हा शेवट तुझा.”