लिंकआक्काची नामसूची

फाईल पूर्ण झाली असं लिंकआक्का तोंडानं कधी सांगायची नाही. गिऱ्हाईक आलं की टॅब त्याच्यापुढं सरकवायची आणि म्हणायची, "बोट लावून बघा की." अनुक्रमणिकेतल्या प्रकरणावर बोट टेकलं की नेमकं ते पान उघडायचं. मग ती चष्मा कपाळावर चढवायची. तेवढीच तिची बढाई.

खडेबाजारातल्या छापखान्यात ती अक्षरजुळणी करायची आणि मी मुद्रितं तपासायचो. नवी फाईल म्हणजे जुनीच उघडून मजकूर बदलायचा, अशी तिथली रीत. त्यामुळं एका कीर्तनकारांचं पुस्तक फोनवर उघडलं की वर कुणाच्या तरी बारशाच्या पत्रिकेचं नाव झळकायचं. आक्का आली आणि हे बंद झालं. पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा, सगळं फाईलच्या पोटात भरल्याशिवाय ती जेवायलासुद्धा उठत नसे. "पोराला शाळेत घालताना नाव सांगतोच न्हवं, अण्णा? मग हे काय बेवारशी हाय?" असं मला ऐकवायची.

ती वडगावची, विणकराची लेक. तिथल्या एका मंडळानं हातमागावरच्या जुन्या विणकरांच्या आठवणींचं पुस्तक फोनवर वाचण्यासाठी काढायचं ठरवलं, तेव्हा ते काम तिनं मागून घेतलं. शेवटी विणकरांची नामसूची केली आणि एकेका नावाला त्याच्या पानाची लिंक जोडली. माग मोडीत निघाले, माणसं गेली. निदान घरच्यांना त्यांचं पान सापडावं, एवढाच तिचा हट्ट. शेजारच्या म्हातारीनं नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं आणि त्याचा मागावर बसलेला फोटो समोर आला. "लई बघू नगं, रडशील," आक्का म्हणाली आणि स्वतःच रडली.

मंडळाच्या सचिवांना शिक्क्याचं भारी वेड. त्यांनी ती फाईल सबंध कागदावर छापली, पानापानावर मंडळाचा गोल शिक्का मारला, पुन्हा स्कॅन केली आणि गावभर पाठवली. लिंका मेल्या. पानांचे नुसते फोटो उरले. आक्का धावत गेली. "मूळ फाईल पाठवा, साहेब. हिच्यात कुणाचं काय बी सापडत न्हाय."

"शिक्का नसला तर खरं कोण मानतंय, आक्का?" सचिव शांतपणे म्हणाले.

गाढवाला गुळाची चव काय! त्या माणसाचा मला अजून संताप येतो. पण खरं सांगायचं तर लोकही तसलेच निघाले. आक्कानं स्वतः मूळ फाईल घरोघरी पाठवली, तर बिनशिक्क्याची म्हणून ती नकली ठरली. शेजारच्या म्हातारीच्या नातवानंसुद्धा तीच पुसली आणि शिक्क्याची ठेवली. त्यानंतर आक्का कुणाला बोट लावून बघा म्हणेनाशी झाली. फाईल द्यायची आणि मान खाली घालायची.

गेल्या उन्हाळ्यात ती वारली. दिवसकार्याहून परतल्यावर मी मंडळानं पाठवलेलं ते पुस्तक फोनवर उघडलं. फाईलच्या माहितीत लेखक म्हणून स्कॅनरच्या कंपनीचं नाव होतं. नामसूचीत आक्काच्या वडिलांचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. पान हललं नाही. पुन्हा ठेवलं. मग नीट पाहिलं, तर अर्धं नाव शिक्क्याखाली गेलं होतं.