गरम झाल्यावर रुसणारी गाडी

बाबांच्या मोटारसायकलचा आजार विचित्र होता. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची, सहा-सात किलोमीटर शहाण्यासारखी पळायची आणि मग मान टाकायची. त्यानंतर कितीही किका मारा, ढिम्म. बाबांची म्हणजे आता माझी. त्यांचे हात थरथरायला लागले, तशी डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि ती माझ्याकडे आली.

मुळात ती जशी होती, तशी आता फारशी उरलेलीच नाही. बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि कुठलीही वस्तू आहे तशी राहू द्यायची त्यांना सवय नव्हती. आमच्या मिक्सरलाही त्यांनी सोडलं नाही. गाडीला कार्बोरेटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, टाकी मोठी, त्या टाकीचं चकचकीत झाकण जुन्या बाजारातलं आणि त्याला हवेसाठी भोकही बाबांनीच पाडलेलं. निवृत्तीनंतरचं त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे जुने पॉइंट काढून बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. प्लगला ठिणगी देणारी सगळी यंत्रणा त्यांनी नव्या वायरिंगसकट एकट्याने बसवली होती. आणि हा आजार नेमका त्यानंतर सुरू झाला.

"माझंच वायरिंग चुकलं," एक दिवस जेवताना बाबा म्हणाले. "तेव्हाच हात गेले होते बहुतेक. कुठेतरी जोड कच्चा राहिलाय, गरम झाला की सोडतो."

रविवारी त्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक येऊन ते सगळं उपटणार होता आणि जुने पॉइंट परत बसवणार होता.

मला भयंकर राग आला. आमच्या घरात चुकायचं ते आईचं किंवा माझं. बाबांचं काम चुकलं असं खुद्द बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. वायरिंग उपटलं गेलं, तर हा माणूस पुन्हा पान्ह्याला हात लावणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. शोधायला गेले आणि खरंच त्यांचंच चुकलेलं निघालं तर, ही भीतीही होती. पण मी बँकेत आयुष्य काढलेली बाई. ताळा लागत नाही तोवर मला चैन पडत नाही.

त्याच आठवड्यात गूळ आणायला मार्केट यार्डला गेले आणि गाडी फाटकातच बंद पडली. चार किका मारल्या, दहा मारल्या. एक गृहस्थ स्कूटर हळू करून म्हणाले, "बाई, ढकलायचीच असेल तर सायकल हलकी पडते." आणि गेले. पोती उतरवून बसलेला एक हमाल उठून जवळ आला.

"ताई, पेट्रोल हाय का बगा आदी."

पुण्यात गाडी बंद पडली की येणारा जाणारा हेच सांगतो. टाकी भरलेली आहे हे त्याला दाखवायला मी चिडून झाकण उघडलं, लावलं आणि किक मारली. गाडी सुरू! गाडी आपणच दुरुस्त केल्यासारखा तो माझ्याकडे बघून हसला.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच विचार. प्लगला हात लावला नाही, वायरला लावला नाही, मग बदललं काय? आणि आठवत गेलं, की आधी बंद पडली तेव्हाही कोणी ना कोणी पेट्रोल बघायला लावलंच होतं. गाडी सुरू झाली ती नेहमी त्यानंतर.

शनिवारी मी मुद्दाम गाडी बंद पडेपर्यंत फिरवली. कॅन्टोन्मेंटच्या रिकाम्या रस्त्यावर तिने मान टाकली, तेव्हा मला चक्क आनंद झाला. झाकणाला हात लावला नाही. प्लग काढला, बाबांनी दाखवलं होतं तसा इंजिनाला टेकवून किक मारली. इंजिन तापलेलं, तरी ठिणगी कडक पडत होती. प्लगचं टोक मात्र कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे पेट्रोलच पोहोचत नव्हतं. प्लग परत बसवून किका मारल्या, काही नाही. मग कान जवळ नेऊन झाकण उघडलं. सूंऽऽ करून हवा आत शिरली. थोडं थांबून किक मारली आणि गाडी सुरू झाली. मी एकटीच मोठ्याने हसले.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, म्हणून आपण दुसरं पाडतो. टाकीचं तेच झालं होतं. हवेचं भोक बुजलं होतं. घरी येऊन मी झाकण काढलं आणि बाबांसमोर टेबलावर ठेवलं. त्यावर लाल, चिकट, जाड थर होता. मी नखाने खरवडायला लागले.

"ते स्वस्तिक आहे. खरवडू नकोस," आई म्हणाली.

"खंडेनवमीला एकदा काढून एवढा थर?"

"एकदा कुठे? दर शनिवारी काढते. तेलात कुंकू कालवून. नाही तर वाऱ्याने उडतं."

"कधीपासून?"

आईने बाबांकडे पाहिलं नाही. "यांचा कप बशीत वाजायला लागला तेव्हापासून. गाडी काही सोडणार नव्हते. मग मी दुसरं काय करणार होते?"

"म्हणजे वायरिंगच्या आधीपासून," बाबा म्हणाले.

"आधीपासून."

कुठून विचारलं असं मला झालं. हात तेव्हाच गेले होते, याला आता साक्षीदारच मिळाला होता. बाबा बराच वेळ झाकण उलटंसुलटं करत राहिले.

"इंजिन गरम होतं तेव्हा ठिणगी कशी होती?"

"निळी."

"पिवळट नाही?"

"निळी, बाबा. चांगली कडक निळी."

त्यांनी उठून मेकॅनिकला फोन केला आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं. आईला म्हणाले, "अगं, कुंकू यापुढे मडगार्डला लाव." मी झाकण धुवायला घेतलं.

पुढच्या खेपेला मी त्यांना गाडीवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक नवीन मुलगी होती. तिने हात पुढे करायला सांगितले. बाबांनी केले. दोन्ही थरथरत होते.

"कधीपासून आहे हे, आजोबा?"

"वायरिंग केलं त्याच्या आधीपासून," बाबा ऐटीत म्हणाले.